रोलर हलके करावे का? ११० सीसी, मानेवाडा ते हिंगणा

मानेवाडा_ऑटोमॅटिक
मंडळी नमस्कार. गाडी ११० सीसीची गिअरलेस स्कूटर, २०१७ ची, ३८ हजार चाललेली. नागपुरात रोज मानेवाडा ते हिंगणा एमआयडीसी, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. इंजिनाची तक्रार नाही, धूर नाही, ऑइल खात नाही. पण सिग्नल सुटला की गाडी आधी विचार करते, मग निघते. परवा बायकोला घेऊन रामझुला उड्डाणपुलावर चढत होतो. पायथ्याशी ४०, वर पोहोचेपर्यंत ३२. मागून हॉर्न. वळून पाहिलं तर ई-रिक्षा.

तेव्हापासून डोक्यात किडा आहे. व्हिडिओ पाहून पाहून इतकं कळलं की व्हेरिएटरचे (समोरच्या पुलीचे) रोलर हलके टाकायचे, मागची स्प्रिंग कडक टाकायची, गाडी उडते. एका दुकानदाराने पूर्ण किट ३,२०० ला सांगितलं. टाकू का? कोणी टाकलंय का? १० ग्रॅमचे रोलर घेऊ की ९ चे? कंपनीचे १३ चे आहेत म्हणे.

तर्रीबाज
ई-रिक्षानं हॉर्न मारला म्हणजे भाऊ, तुमी गाडी नाही, रस्ता बदला. कॉटन मार्केटकडून जात जा.

जुना_किनेटिक
पैसे देण्याआधी डाव्या कव्हरच्या आत काय चालतं ते एकदा समजून घ्या. व्हिडिओवाले ते सांगत नाहीत.

समोरची पुली थेट क्रँकवर. तिची एक बाजू पक्की, दुसरी सरकती. सरकत्या बाजूच्या पाठीत सहा खाचा, त्यात सहा रोलर. इंजिन फिरायला लागलं की रोलर बाहेरच्या दिशेने फेकले जातात, खाचेच्या उतारावर चढतात आणि पुलीची सरकती बाजू दाबतात. दोन्ही बाजू जवळ आल्या की मधला बेल्ट वर सरकतो. बेल्टची लांबी तर तेवढीच, म्हणून मागे तो दुसरी पुली फाकवून खाली उतरतो. मागे जाड स्प्रिंग बसलेली असते, ती हे फाकणं अडवते. समोरून रोलर ओढतात, मागून स्प्रिंग. या रस्सीखेचीत जो जिंकेल तो त्या क्षणाचा गिअर.

माझ्याकडे १९८९ सालची किनेटिक होंडा आहे. भारतात ती १९८४ मध्ये आली तेव्हा लोक विचारायचे, गिअर नाही तर चढावर चढते कशी? चढते, कारण आत हेच आहे. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये मोटारीत बसवलं होतं, व्हेरिओमॅटिक नावाने. तत्त्व इतक्या वर्षांत बदललेलं नाही, म्हणून दुरुस्तीची अक्कलही बदललेली नाही. आधी उघडा. बेल्ट कधी बदलला होता?

मानेवाडा_ऑटोमॅटिक
काका, बेल्ट बदललेला नाही. म्हणजे मी तरी नाही.

जुना_किनेटिक
३८ हजार आणि मूळचा बेल्ट! किटचं नाव काढू नका.

बेअरिंग_पुलर
काकांशी सहमत, पण हलक्या रोलरचं गणित सांगून ठेवतो, म्हणजे ९ की १० हा प्रश्न अंदाजाने सुटणार नाही.

रोलर बाहेर ढकलण्याचा जोर वजनाच्या पटीत वाढतो आणि आरपीएमच्या (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांच्या) वर्गाच्या पटीत. म्हणून वजन कमी केलं की तेवढाच जोर यायला इंजिनाला जास्त फिरावं लागतं, पण वर्गमुळाच्या हिशेबाने. १३ चे १० केले तर १.३ चं वर्गमूळ, सुमारे १.१४. आधी गाडी ५,५०० वर गिअर बदलत असेल तर आता ६,२७० च्या आसपास बदलेल. बाकी सगळं तेच धरून.

याने ताकद वाढत नाही, हे लक्षात घ्या. ११० सीसीच्या गाड्यांना पावणेआठ-आठ बीएचपी असते, आणि तीही साडेसात-आठ हजार आरपीएमला. हलके रोलर इंजिनाला त्या आकड्याच्या जवळ धरून ठेवतात, एवढंच. किंमत पेट्रोलमध्ये मोजावी लागते.

संत्र्याची_साल
मी मोजलीय ती किंमत. गेल्या वर्षी १० ग्रॅमचे टाकले होते. मी रोज कामठीला शाळेत जाते, रस्ता मोकळा असतो, ५५-६० ने गाडी चालते. सिग्नलवरून सुटायला मजा यायची, खरंच. पण पुढचा अर्धा तास कानात मिक्सर. अॅव्हरेज ४६ वरून ३९. दोन महिन्यांत काढून टाकले.

भाऊ, तुम्ही किती ग्रॅम ते विचारताय. मी आधी विचारीन, तुमच्या रस्त्यावर सिग्नल किती?

मानेवाडा_ऑटोमॅटिक
ताई, छत्रपती चौकापर्यंत सिग्नलच सिग्नल, पुढे प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर तीच गत. हिंगणा टी-पॉइंट ओलांडला की मोकळं.

सक्करदरा_गॅरेज
दादा मी रोज हेच काम करतो. माह्याकडं येनारे पोट्टे म्हनतात पिकअप वाढवून दे. उघडलं का आत बेल्टचा भुसा, रोलर चपटे, क्लच शू काचेसारखे गुळगुळीत. अशा गाडीत किट टाकून काय होते? पहिले दिवशी पळते, पंधरा दिवसानं परत येते.

उघडसान तवा ह्या गोष्टी पाहा. रोलर गोल हाये का चपटे. सरकत्या प्लेटले तीन प्लॅस्टिकचे स्लाइड पीस राह्यते, ते ढिल्ले झाले का खडखड करते. बेल्टच्या दाताच्या मुळाशी चिरा. आन् क्लच बेलच्या, म्हनजे शू ज्या वाटीले पकडते तिच्या, आतून निळे डाग, ते दिसले म्हनजे जास्त तापली. भुसा हवेनं उडवा पन तोंडाले फडकं बांधून, तो नाकात चांगला नाही.

तर्रीबाज
रविवारी उघडा. फोटो टाका. आमी पोहे खात खात पाहू.

मानेवाडा_ऑटोमॅटिक
उघडली. पुण्याहून साला आला होता, त्याच्याकडून इम्पॅक्ट गन मिळाली, नाहीतर पुढचा नट हातून सुटला नसता.

सहापैकी चार रोलरना नखाएवढा सपाट भाग पडलेला. टेबलावर घरंगळत सोडले तर दोन फेऱ्या मारून त्याच बाजूवर बसतात, टक् करून. एकाचं नायलॉनचं कवच फाटून आतला धातू दिसत होता, आणि त्याच्या खाचेत चर पडलाय. बेल्ट व्हर्निअरने मोजला, नव्यापेक्षा सव्वा मिलीमीटर अरुंद.

वजन करायला घरातला काटा कामाचा नव्हता. इतवारीत सराफा ओळीत आमच्या ओळखीचं दुकान आहे, तिथे रोलर घेऊन गेलो. त्यांनी आधी तोंडाकडे पाहिलं, मग कागदावर रोलर ठेवले. १२.३१, १२.३८, १२.०५, १२.४०, १२.३६, ११.८२. शेवटी विचारलं, घडवायचे का मोडायचे?

तर्रीबाज
एक शंका हाय. रोलर घासून हलके झाले, म्हणजे फुकटात अपग्रेड झालं. मग पिकअप वाढाले पाहिजे होता ना, कमी काहून झाला?

बेअरिंग_पुलर
प्रश्न थट्टेत विचारला असेल, पण नेमका आहे.

हलका रोलर आणि चपटा रोलर या वेगळ्या गोष्टी. चपटा रोलर गडगडत नाही, अडकतो. गाडी थांबून परत निघते तेव्हा तो खाली परत आलेला नसतो, म्हणजे गाडी अर्ध्या वरच्या गिअरमध्ये निघते. चढावर तेच, वेग पडला तरी गिअर खाली येत नाही.

दुसरं म्हणजे बेल्ट. तो अरुंद झाला की मागच्या पुलीत काठाशी बसण्याऐवजी आत रुततो. म्हणजे सर्वांत खालचा गिअर गेला. आणि पुढच्या पुलीत त्याला पूर्ण वर जायला जागा अपुरी पडते, म्हणजे सर्वांत वरचाही गेला. दोन्ही टोकं कापलेली काठी. तुमचं ई-रिक्षा प्रकरण इथेच सुटतं.

संत्र्याची_साल
"घडवायचे का मोडायचे" वर मी स्टाफरूममध्ये एकटीच हसले.

रामदासपेठ_रायडर
मध्येच विचारतो. डॉक्टर पुली ब्रँडचे ते स्लायडिंग रोलर येतात, तैवानचे, गोल नसलेले. ते कसे? आणि मालोस्सीचा व्हेरिएटर आपल्या गाड्यांना बसतो का?

बेअरिंग_पुलर
स्लायडिंग रोलर गडगडत नाहीत, सरकतात, आणि आकारामुळे शेवटी पुलीची बाजू थोडी जास्त दाबतात, त्यामुळे वरचा गिअर थोडा लांबतो. बसवताना दिशा पाळावी लागते, उलटे बसवले तर काम बिघडतं. मालोस्सी इटलीची, मुख्यतः युरोपातल्या स्कूटरसाठी बनवते. आपल्या ११० ला "बसतो" म्हणून कोणी विकत असेल तर शाफ्टचे दात आणि बॉसची (पुलीच्या मधल्या नळीची) लांबी मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

सिव्हिल_लाइन्स_वकील
एक इशारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. रोलरचं वजन आरसीवर नसतं, सीसी असते. उद्या हाच किडा वाढून मोठा सिलिंडर बसवावासा वाटला, तर अपघाताच्या दाव्यात विमा कंपनीच्या वकिलाला आयता मुद्दा मिळेल.

मानेवाडा_ऑटोमॅटिक
सिलिंडरला हात लावणार नाही, बायकोची शपथ.

बेल्ट, स्लाइड पीस आणि १३ ग्रॅमचा रोलर सेट, सगळं कंपनीचं आणलं. खाच गेलेली म्हणून सरकती प्लेटही बदलली, तिथे खिसा दुखला. आणि खरं सांगतो, १० ग्रॅमचा एक सेट आणि कडक स्प्रिंगही घेतली. दुकानात समोर दिसली की हात थांबत नाही.

मानेवाडा_ऑटोमॅटिक
आज पायी आलो. सांगतो.

काल रात्री अंगणात टॉर्च लावून सगळं बसवलं. बेल्ट, व्हेरिएटर, वरून समोरच्या पुलीची पक्की बाजू (हिलाच पंखा असतो), नट. गनने कर्रर्र करून आवळला, चांगला बसला वाटलं. सकाळी गाडी लोण्यासारखी निघाली. प्रतापनगरला पोहोचलो आणि डावीकडून आवाज, जणू कोणी पत्र्याच्या डब्यात खडे हलवतंय. मग इंजिन फिरतंय, गाडी उभी. ढकलत एका गॅरेजपर्यंत नेली. कव्हर काढलं तर नट बोटाने फिरत होता आणि पंख्याच्या प्लेटचे आतले दात अर्धे गुळगुळीत. शाफ्ट वाचला.

नट तर मी पूर्ण ताकदीने आवळला होता. मग?

सक्करदरा_गॅरेज
दादा, नट आवळला पन प्लेट बसलीच नव्हती. बेल्ट मधात चिमटला होता.

नवा बेल्ट ताठ राह्यते. तो समोरच्या पुलीत वर फुगून बसते. तुमी प्लेट लावून नट आवळला, तं प्लेट बॉसले टेकलीच नाही, बेल्टले टेकली. गनले काय कळते? तिले घट्ट लागलं. गाडी चालली, बेल्ट सरकला खाली, मधात फट पडली, नट ढिल्ला.

हे असं कराचं. पहिले मागची पुली दोनी हातानं फाकवाची, जोर लागते, स्प्रिंग हाये. बेल्ट तिच्यात खाली दाबाचा, पार बुडापर्यंत. आता समोर बेल्ट लोंबाले पाहिजे, झोळीसारका. मग प्लेट लावाची, हातानंच नट फिरवाचा, शाफ्टचे दात प्लेटच्या बाहेर दिसते का पाहाचं. दिसले नाही तं थांबाचं. दिसले तं मग पान्यानं, जमलं तं टॉर्क रेंचनं. गन सोडाले वापरा, आवळाले नको. शेवटी समोरचा पंखा हातानं फिरवत राह्याचं, बेल्ट मागच्या पुलीत हळूहळू वर येईपर्यंत.

आमच्या नव्या पोट्ट्यांचीबी हीच चूक होते. शाफ्ट वाचला म्हनता तं टेकडी गणपतीले नारळ फोडा.

जुना_किनेटिक
आणि बेल्टवर बाण असतो, फिरण्याच्या दिशेचा. बाण पाहिला होता ना?

मानेवाडा_ऑटोमॅटिक
बाण पाहिला होता काका. एवढंच बरोबर केलं होतं.

मानेवाडा_ऑटोमॅटिक
तीन आठवड्यांनी लिहितोय. नवी प्लेट टाकून, सक्करदरावाल्या भाऊंनी सांगितलं तसं पुली फाकवून सगळं पुन्हा बसवलं. या वेळी टप्प्याटप्प्याने बदललं. चाचणीची जागा ठरलेली, रामझुला, बायको मागे, पायथ्याशी काट्यावर ४०, रेस पूर्ण. वर किती राहतात ते बायको मोबाइलवर बघून सांगायची. ती आता या प्रयोगाला कंटाळली आहे.

जुना बेल्ट, चपटे रोलर: ३२.
नवा बेल्ट, नवे १३ ग्रॅम: ३६.
१० ग्रॅम आणि कडक स्प्रिंग: ३९.

तिसऱ्यात सिग्नलवरून गाडी अशी सुटते की पहिल्या दिवशी मागचे दोघे बघत राहिले. पण हिंगणा रोडवर ६० ला गेलो आणि ताईंचा मिक्सर सुरू झाला. अॅव्हरेज ४७ ऐवजी ४०. शिवाय दुपारी घरी पोहोचल्यावर कव्हरजवळ जळक्या रबराचा वास. आधीच मे, सावलीत ४४.

बेअरिंग_पुलर
वास स्प्रिंगमुळे. कडक स्प्रिंग बेल्टला घट्ट चावून धरते, घसरू देत नाही, चढावर गिअर पटकन खाली आणते, पण त्या दाबाची उष्णता होते. समोरच्या प्लेटचा पंखा बाहेरची हवा आत खेचूनच बेल्ट थंड करतो, आणि ती हवा तुमची ४४ ची. कव्हरच्या हवेच्या वाटेवर फोमची जाळी असेल तर तीही धुऊन घ्या. ११० ला कंपनीची स्प्रिंग पुरते.

आता मार्करची चाचणी करा. समोरच्या पुलीच्या उतरत्या बाजूवर मधून काठापर्यंत काळ्या मार्करने रेघ ओढा, मोकळ्या रस्त्यावर पूर्ण वेगाने एक चक्कर मारा, मग उघडा. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंत रेघ पुसलेली असेल.

मानेवाडा_ऑटोमॅटिक
केली. १० ग्रॅमला काठाची सहा मिलीमीटर रेघ जशीच्या तशी. बेल्ट वरपर्यंत जातच नव्हता. मी टॉप गिअरशिवाय फिरत होतो आणि त्यासाठी पैसे दिले होते!

तर्रीबाज
क्लचच्या कडक स्प्रिंगा टाकून पाहा म्हणतो मी. सुरुवातच जोरात होते.

सक्करदरा_गॅरेज
नका टाकू. क्लच उशिरा पकडते, जास्त रेसवर. सिग्नलले उडी मारते हे खरं. पन बर्डीच्या गर्दीत मुंगीच्या चालीनं चालाचं असलं का शू घासत राह्यतात, बेल निळी होते. रेसिंगच्या पोट्ट्यांचं काम हाये ते.

संत्र्याची_साल
१३ आणि १० दोन्ही सेट आहेत ना तुमच्याकडे? तीन-तीन मिसळून बघा, एक आड एक. मला त्या वेळी कोणी सांगितलं नव्हतं.

बेअरिंग_पुलर
चालेल. सरासरी साडेअकरा, आरपीएम ६ टक्क्यांनी वर. एक आड एकच लावा, तिन्ही जड एका बाजूला आले तर पुली डगमगेल.

मानेवाडा_ऑटोमॅटिक
स्प्रिंग कंपनीची परत. रोलर तीन १३, तीन १०, एक आड एक. रामझुला: ३८. मार्करची रेघ काठाशी जेमतेम एक मिलीमीटर उरली. अॅव्हरेज ४५. वास नाही.

म्हणजे ३२ ते ३८ मधले चार किलोमीटर नव्या बेल्टने आणि गोल रोलरने दिले, दोन हलक्या रोलरने. दुकानदाराचं किट त्या दोनसाठी होतं. माझा खर्च किटच्या वर गेला, पण त्यात एक प्लेट माझ्या हाताने गेली, ती किटच्या नावावर टाकत नाही.

बाबा काल गाडी घेऊन धरमपेठला जाऊन आले. त्यांना काही सांगितलं नव्हतं. आल्यावर म्हणाले, पेट्रोल बदललं का रे?

जुना_किनेटिक
हजार किलोमीटरवर एकदा उघडून मिसळलेले रोलर पाहा. जड आणि हलके सारखे झिजतात असं नाही.

रामदासपेठ_रायडर
ती कडक स्प्रिंग विकणार का?

मानेवाडा_ऑटोमॅटिक
स्प्रिंग न्या, निम्म्या किमतीत. १० ग्रॅमचे तीन आणि १३ चे तीन रोलर उरलेत, कोणाला माझ्यासारखं मिसळायचं असेल तर फुकट. बर्डीला शनिवारी संध्याकाळी येतो.

तर्रीबाज
मले पाहिजे. वजन बरोबर हाय ना पण?

मानेवाडा_ऑटोमॅटिक
सराफाकडून करून आणतो. ते आता मला ओळखतात.